लहरीबाबांचं किंचाळणारं यंत्र

यंत्र किंचाळलं आणि शाळेच्या सभागृहात बसलेल्या सगळ्या बायकांनी एकदम श्वास आत ओढला. पुरुषांनीही ओढला होता; फक्त त्यांनी तो नंतर खोकून लपवला.

भिंतीवर एक पांढरा चपटा डबा होता आणि त्यावर हिरवा दिवा जळत होता. असे डबे सभागृहाच्या दोन भिंतींवर आणि प्रत्येक वर्गात सरकारी अनुदानातून नुकतेच बसवले होते. शाळेत वायफाय येणार, ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट नाही त्या पोरांनाही जग दिसणार, अशी ती योजना होती. त्या डब्यासमोर पांढरा कोट घातलेला, दाढी कोरलेला एक गृहस्थ उभा होता. त्याच्या हातात रिमोटएवढं यंत्र. डब्याजवळ नेलं की ते कर्कश ओरडायचं, लांब नेलं की गप्प व्हायचं.

"बंधूंनो, भगिनींनो, हा आवाज यंत्राचा नाही," गृहस्थ म्हणाला. "हा तुमच्या लेकरांच्या मेंदूचा आक्रोश आहे! लहरी तीन प्रकारच्या असतात. चढत्या, उतरत्या आणि चिकट. यातल्या चिकट लहरी सगळ्यांत वाईट. धुतल्या तरी जात नाहीत."

मग त्याने खिशातून बशीएवढी काळी चकती काढली. तिचं नाव 'कवच'. ती डब्यावर चिकटवली, डोळे मिटले, ओठ हलवले आणि यंत्र पुन्हा डब्याजवळ नेलं. यंत्राने हूं की चूं केलं नाही. मग चकती काढून त्याने परत खिशात टाकली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या बँक मॅनेजरांनी तर डोळे पुसले. सही जरा वाकडी आली तर चेक परत पाठवणारा हा माणूस, पण इथे काहीही न तपासता त्याने सगळं वटवून घेतलं.

माझा दवाखाना शाळेच्या समोरच आहे. तमाशा बघायला मी मागच्या दाराला टेकून उभा होतो. शेजारी विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या.

"डॉक्टर, गंमत बघितलीत का?" त्या हळूच म्हणाल्या. "लहरींना घाबरलेले हे सगळे लोक मोबाइल वर धरून त्याचं चित्रण करतायत. त्या मोबाइलमध्ये काय, तूप भरलंय?"

हाच प्रश्न कुणीतरी त्या गृहस्थाला विचारलाही होता. त्यावर उत्तर तयार होतं. "मोबाइल तुम्ही स्वतः विकत घेतलाय, म्हणून तो तुम्हाला ओळखतो. सरकारी लहरी कोणालाच ओळखत नाहीत!" आणि लोकांनी माना डोलावल्या. सरकार कोणाला ओळखत नाही हा त्यांचा रोजचाच अनुभव. तेव्हा लहरीही तशाच असणार.

त्या गृहस्थाची पदवी 'तरंगाचार्य'. ती कोणत्या विद्यापीठाने दिली हे विचारायचं नसतं. बाईंनी आणि मी आपसात त्याचं नाव 'लहरीबाबा' ठेवलं होतं.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. अनुदान आलं, कंत्राटदार आला, डबे भिंतीवर चढले. एका मोठ्या साहेबांनी फीत कापली. पडद्यावर समुद्राच्या तळाची सुंदर चित्रफीत दिसली आणि पोरं हरखली. ती चित्रफीत इंटरनेटवरून आली की कंत्राटदाराच्या खिशातल्या पेनड्राइव्हमधून, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. साहेब गेले. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात कॉम्प्युटर उघडला, तर कशाशी जोडायचं तेच सापडेना.

"लाइन यायचीय," कंत्राटदार म्हणाला.

लाइन येतच होती, येतच होती. बाईंनी मुख्याध्यापकांकडे तगादा लावला, तेव्हा ते म्हणाले, "बाई, कशाला उगाच पाण्यात दगड मारताय? येईल हो." मुख्याध्यापक तसे वाईट नव्हते. निवृत्तीपर्यंत कोणतीही गोष्ट घडू नये एवढीच त्यांची इच्छा होती.

नेमका अशात हा लहरीबाबा उगवला. आधी त्याचं मोबाइलवर भाषण फिरलं, 'शाळेतला अदृश्य राक्षस'. ते आईबापांनी पाहिलं, मुलांना दाखवलं. चारदोन दिवसांत पहिलं डोकं दुखलं. एकीचं दुखलं म्हणून शेजारणीचं, शेजारणीचं म्हणून पुढच्या बाकावरचीचं. मुलं माझ्याकडे यायची. कुणी खोटं बोलत नव्हतं. भीतीने डोकं खरंच दुखतं, मळमळही खरी होते. एकाला जांभई आली की खोलीभर पसरते, तशी भीती पसरते. हे मी आईबापांना सांगायचो. ते ऐकून घ्यायचे आणि बाहेर पडून कवच विकत घ्यायचे. कवच मागवायची सोय इंटरनेटवर होती.

इथवर मला नुसता संताप होता. पुढे जे झालं त्याने झोप उडवली.

बाईंच्या नणंदेची मुलगी त्याच शाळेत, सातवीत शिकायची. अंगाने बारीक, बोलायला चुरुचुरु, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. तिला लहानपणापासून दमा. रोज सकाळ-संध्याकाळ पंपातून औषध ओढायचं, एवढं केलं की पोरगी धावायची, पोहायची, कशात मागे नसायची. तिची आई घरी शिवणकाम करायची. नवरा कामासाठी परगावी. एकटीने लेक वाढवलेली, त्यामुळे लेकीचा श्वास हाच तिच्या जिवाला लागलेला घोर. अशी माणसं बाबाबुवांना बरोबर वासावरून कळतात.

लहरीबाबाने चिमणीच्या छातीजवळ यंत्र धरलं. ते बोंबललं. "हिला दमा नाहीच," त्याने निदान केलं. "लहरी छातीत अडकल्यात. आणि तुम्ही वरून पंपाचं रसायन मारता? रसायन लहरींना चिकटून बसतं! पंप बंद करा. कवच गळ्यात बांधा."

मला हे कळलं ते चिमणी औषध न्यायला आली नाही तेव्हा. मी तिच्या आईला बोलावून घेतलं.

"ताई, ते औषध रोज लागतं. बरं वाटतंय म्हणून थांबवायचं नसतं. काही दिवस काही होणार नाही आणि मग एकदम होईल."

"डॉक्टर, तुम्ही इतकी वर्षं औषध देताय. बरी झाली का?" ती म्हणाली. "ते म्हणाले मुळासकट जाईल."

"मुळासकट जाईल, पण काय जाईल ते त्यांनी सांगितलं नाही."

माझं बोलणं तिला लागलं. ती उठून निघून गेली. जीभ जरा आवरायला हवी होती, पण तोवर बाण सुटला होता. वहिनी म्हणून बाईंनीही समजावून पाहिलं. त्यांना ऐकून घ्यावं लागलं, "वहिनी, तुमच्या शाळेनेच पोरीच्या छातीत विष घातलं, आणि आता तुम्ही मला शहाणपण शिकवता?" दोन्ही घरांत बोलणं बंद झालं.

इकडे पालकांची सभा भरली. ठराव झाला की शाळेतलं वायफाय कायमचं बंद करा. कंत्राटदाराने हात जोडले. "लोकभावनेपुढे मी कोण? माझं काम मी केलंय, पण मुलांसाठी बंद करतो." त्याचा चेहरा दुःखी दिसायचा आटोकाट प्रयत्न करत होता. लहरीबाबाने एक अट घातली, "डब्यांना कुणी हात लावायचा नाही. उघडलात तर कोंडलेल्या लहरी बाहेर पडतील आणि समोरच्याचे डोळे जातील. त्यांच्यावर कवचच लावावं लागेल, प्रत्येक डब्यावर." मुख्याध्यापकांनी तत्परतेने मान हलवली. येत्या शनिवारी सगळ्या शाळेला कवच चढवायचा कार्यक्रम ठरला.

बुधवारी मधल्या सुट्टीनंतर बाई चिमणीला उचलून धावत रस्ता ओलांडून आल्या. पोरीचे ओठ निळसर पडले होते. मान पुढे काढून ती श्वास ओढत होती, गळ्याजवळची कातडी आत खेचली जात होती. त्या गळ्यात काळी चकती होती. मी ती कापून बाजूला फेकली.

"मामी..." एवढंच ती बोलू शकली. दोन शब्द एका दमात बोलायची ताकद नव्हती.

सकाळपासून सगळ्या भागातली वीज गेली होती. माझ्याकडे इन्व्हर्टर होता म्हणून नेब्युलायझर चालला. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. हळूहळू छातीतली शिट्टी कमी झाली. ओठांवर रंग आला. तिची आई धापा टाकत आली तेव्हा पोर डोळे मिटून शांत पडली होती. आईने तिच्या पायांना धरलं आणि रडत म्हणाली, "वर्गातल्या डब्यानेच केलं हे. आज कवच घरी धुतलं होतं, ओलं असेल..."

बाईंना मात्र काहीतरी आठवलं. त्या एकदम उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, वीज कधी गेली?"

"सकाळी. अजून आली नाही."

"मी चिमणीला उचललं तेव्हा वर्गातले पंखे बंद होते. फळ्यावरचा दिवा बंद होता. आणि डब्यावरचा हिरवा दिवा चालू होता."

त्या तडक शाळेत गेल्या आणि जराशाने परत आल्या. आता त्यांचा चेहरा वेगळाच दिसत होता. "डब्याला वायरच नाही," त्या म्हणाल्या. "ना विजेची, ना दुसरी कसली. मागे नुसती भिंत आहे. चार स्क्रूवर टांगलाय."

"मग आत्ताच उघडू या!"

"आत्ता उघडला तर म्हणतील, बाईंनीच आतलं काढलं. नाही डॉक्टर. त्यांनीच गर्दी जमवलीय ना शनिवारी? त्या गर्दीतच उघडायचा."

आईला त्यांनी त्या दिवशी काही पटवायचा प्रयत्न केला नाही. एवढंच म्हणाल्या, "ताई, शनिवारपर्यंत पंप चालू ठेवा. शनिवारी मी चुकले तर पुन्हा तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही." निळे ओठ पाहिलेली आई होती. तिने मान हलवली.

शनिवारी सभागृह खच्चून भरलं. लहरीबाबाने यंत्र उगारलं. यंत्र किंचाळलं. "वाढल्यात!" तो ओरडला. "मागच्यापेक्षा वाढल्यात! बुधवारी एक मुलगी मरता मरता वाचली, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," बाई उठून म्हणाल्या. "मीच तिला उचलून नेलं. आचार्य, मला एक सांगा. या डब्यातून आत्ता लहरी येतायत?"

"भयंकर!"

"कंत्राटदार साहेब, तुम्ही तर वायफाय बंद केलंय ना?"

कंत्राटदार खुर्चीत हलला. "केलंय... म्हणजे, थोडंफार राहतं आत. साठलेलं."

"टाकीतलं पाणी राहतं तसं?"

"हो, तसंच!"

"बरं." बाईंनी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि भिंतीशी ठेवलेल्या बाकावर चढल्या.

लहरीबाबाचा आवाज चिरकला. "थांबा! डोळे जातील! मी जबाबदार नाही!"

पहिली रांग मागे सरकली. बँक मॅनेजर तर खुर्चीसकट सरकले. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, ही शाळेची मालमत्ता आहे, परवानगीशिवाय..." पण हे ते दुसऱ्या रांगेच्या मागून म्हणाले. मी बाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. चारही स्क्रू निघाले. बाईंनी डबा भिंतीवरून उतरवला, झाकण काढलं आणि सगळ्यांना दिसेल असा उलटा धरला.

आतून एक घड्याळात घालतात तसला सेल खाली पडला. त्याच्या मागे दोन तारांवर लोंबकळत एक हिरवा दिवा आला, मुलांच्या खेळण्यात असतो तसा. बाकी काही नव्हतं.

मागे सरकलेली पहिली रांग माना लांबवून बघू लागली.

"हेच सरकारी वायफाय," बाई म्हणाल्या. "यातून लहरी सोडा, वारासुद्धा येत नाही. मग तुमचं यंत्र कशाला ओरडलं?"

लहरीबाबा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने दोन्ही हात वर केले. "लहरी अदृश्य असतात! डबा रिकामा दिसणारच! अज्ञानी माणसाला हवा दिसते का?"

आणि तुम्हाला खोटं वाटेल, काही माना डोलायला लागल्या! डोळ्यांदेखत रिकामा डबा पाहून लोक 'खरंय, खरंय' म्हणू लागले. माणसाला एकदा फसायची गोडी लागली की पुरावासुद्धा त्याला प्रसादासारखा लागतो. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात चिमणीची आई उठली. मुलीला हाताशी धरून ती पुढे आली.

"यंत्र द्या इकडे."

"ताई, हे सिद्ध यंत्र आहे. दुसऱ्याच्या हातात..."

"माझ्या लेकीच्या छातीला तुम्ही लावलं होतं. आज मी लावणार. द्या."

त्याने हात मागे घेतला. तिने मनगट पकडलं आणि यंत्र हिसकावून घेतलं. तिने ते चिमणीच्या छातीला लावलं. गप्प. मोकळ्या डब्याला लावलं. गप्प. मग शेजारच्या भिंतीवरच्या, अजून न उघडलेल्या, हिरवा दिवा जळणाऱ्या दुसऱ्या डब्याला लावलं. तिथेही गप्प. ती यंत्र उलटसुलट करून चाचपत राहिली. खालच्या बाजूला, अंगठा टेकतो तिथे, रबराखाली वाटाण्याएवढा उंचवटा होता. तिने तो दाबला.

यंत्र किंचाळलं.

तिने अंगठा उचलला. गप्प. दाबला. किंचाळलं. मग ती सभागृहभर फिरत सुटली. खुर्चीला लावलं, किंचाळलं. मुख्याध्यापकांच्या टकलाला लावलं, किंचाळलं. स्वतःच्या चपलेला लावलं, तिच्यातही चिकट लहरी निघाल्या. पोरं हसायला लागली, मग आया हसायला लागल्या. ती मात्र हसत नव्हती. लहरीबाबापुढे येऊन तिने यंत्र त्याच्याच छातीला लावलं आणि अंगठा दाबून धरला, दाबूनच धरला. त्या कर्कश आवाजात ती ओरडली, "माझी पोर निळी पडली होती रे! तुझ्या या अंगठ्यापायी!"

मघाशी माना डोलावणारे आता बाह्या सरसावू लागले. लहरीबाबाचा रंग उडाला. त्याने भेदरून व्यासपीठाकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "दाजी, अहो दाजी, काहीतरी बोला ना!"

सगळ्यांनी मान वळवून पाहिलं. तो कंत्राटदाराकडे बघत होता.

दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. याहून वेगळं काही सांगायची गरज उरली नाही. कंत्राटदाराने अनुदान गिळून भिंतीवर पत्र्याचे डबे टांगले होते. कधीतरी कुणीतरी 'इंटरनेट कुठाय' म्हणून विचारणारच. मग त्याने मेव्हण्याला कोट घालून उभा केला आणि लोकांकडूनच 'आम्हाला इंटरनेट नको' असं वदवून घेतलं. चोराने घर फोडावं आणि घरमालकाने 'बरं झालं, सामानाची अडगळच होती' म्हणून त्याचे आभार मानावेत, असा हा कारभार. वर कवच विकून मेव्हण्याची वेगळी कमाई. नसलेल्या गोष्टीची भीती घातली की असलेल्या चोरीकडे कुणी बघत नाही.

बाईंनी मध्ये पडून मारहाण होऊ दिली नाही. "हात लावू नका. पोलिसांना बोलवा आणि डबे जसेच्या तसे राहू द्या," त्या म्हणाल्या. शालक आणि दाजी दोघेही त्या रात्री कोठडीत गेले. चौकशी बसली. मुख्याध्यापकांवर शेराही बसला. त्यांच्या सगळ्या नोकरीत घडलेली ती पहिली गोष्ट. बँक मॅनेजर आता सांगतात की त्यांना पहिल्यापासून शंका होती.

चिमणीचा पंप सुरू आहे. मुलांची डोकी आपोआप दुखायची थांबली. काही महिन्यांनी नवं काम निघालं, खरी उपकरणं आली. ती बसवायला आलेल्या माणसामागे चिमणीची आई वर्गावर्गांत फिरत होती. "वायर कुठून येते? आत काय आहे? चालू करून दाखवा." तो वैतागला. पण त्याने दाखवलं. आता त्या वर्गांतून दिवसभर खऱ्या लहरी फिरतात. एकाचंही डोकं दुखत नाही.

अजूनही काही घरांत ते काळं कवच दारावर टांगलेलं मी पाहतो. "असू दे डॉक्टर, त्याने काय बिघडतं?" असं मला सांगतात. बिघडतं. सातवीतली एक मुलगी जाता जाता वाचली. बाबा कोट घालून आला, तोंडात शास्त्राचे शब्द घेऊन आला, म्हणून तो शास्त्रज्ञ होत नाही. शास्त्र विचारू देतं, उघडू देतं, यंत्र दुसऱ्याच्या हातात देतं. जो म्हणतो 'उघडू नका, डोळे जातील', त्याला एवढंच म्हणा, 'बाजूला हो, आम्हाला बघू दे.' डोळे बघण्याने जात नाहीत. ते मिटून बसल्याने जातात.